दारासमोरच्या बाईचं नाव

७ मे, मंगळवार

वाचनालयात चहाला गेले होते. चहा निमित्तमात्र, खरं आकर्षण काचांचं. गावातला जुना औषधवाला लॅव्हेल फोटोही काढायचा. त्याच्या पणतूला माळा साफ करताना काचेवरच्या फोटोंच्या पेट्या सापडल्या आणि त्याने त्या वाचनालयाला देऊन टाकल्या. आता दर मंगळवारी सोरखा, आमची ग्रंथपाल, त्यातले फोटो मोठ्या पडद्यावर लावते. ज्याला जो चेहरा ओळखू येईल त्याने नाव सांगायचं. प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्याचं नाव विसरणारी माणसं शंभर वर्षांपूर्वीचं गाढव कोणाचं होतं ते छातीठोकपणे सांगतात.

आज पडद्यावर जे आलं ते पाहून मी कप खाली ठेवला. गवताच्या छपराचं घर. समोर पोलीस, आणि भिंत पाडायला तीन वाशांवर टांगलेला ओंडका. दारासमोर शाल पांघरलेली बाई, तिच्याभोवती सात पोरं. मागे आमचीच टेकडी आणि फाटकाचे आमचेच दोन दगड. म्हणजे हे माझं घर, छपरावर दगडी कौलं बसायच्या आधीचं. बाई रडत नाहीये. हनुवटी वर करून सरळ आपल्याकडे पाहते आहे.

"ही माझी पणजी!" मी ओरडलेच. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलंय, खंड थकला म्हणून आपल्याला जमीनदाराच्या माणसांनी घराबाहेर काढलं आणि आपण परत आलो. वर्ष १८८७.

नव्वदी ओलांडलेली ब्रायडी लॅविन वाकून पिशवी शोधायला लागली, ती तिच्या मांडीवरच होती.

सोरखा मूळची गोलवे शहरातली, बाहेरची. ती हसत म्हणाली, "मिस गिल्डिया, या भागात ज्याला विचारावं त्याचेच पूर्वज रस्त्यावर काढलेले. मग त्या रिकाम्या झालेल्या जमिनी घेतल्या तरी कोणी? पऱ्यांनी?"

यावर सगळे जरा जास्तच हसले. मीही हसले.

ऑगस्टमध्ये वारसा सप्ताह आहे. हा फोटो भिंतीवर सर्वांत मोठा लागणार. खाली एक तर नाव येईल, नाही तर 'अनोळखी स्त्री'. पुरावा आणा, सोरखा म्हणाली. आणते म्हटलं. चाळीस वर्षं या गावचं पोस्ट सांभाळलं आहे मी. प्रत्येक पाकीट माझ्या हातून गेलंय, मला कळल्याशिवाय इथे पान हललेलं नाही. माझ्या पणजीला कोणी अनोळखी म्हणणार नाही, निदान मी जिवंत असेपर्यंत तरी.

१० मे, शुक्रवार

पॅकी टॉर्मी जळण कधी कापायचं ते विचारायला आला. पॅकी माझा शेजारी, माझ्याच वयाचा, बायको जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला, दलदलीच्या काठावर राहतो. तिथे गवतसुद्धा नाखुशीने उगवतं. दरवर्षी तो दलदलीतल्या मातीच्या विटा कापून वाळवतो आणि माझ्या वाट्याच्या माझ्या अंगणात रचून जातो. मी त्याला फळांचा केक देते. असा आमचा हिशेब.

मी त्याला फोटोचं सांगितलं. तो टोपी हातात फिरवत राहिला.

"बरं झालं," म्हणाला. आणि मग, "लोक काय म्हणाले?"

"लोक काय म्हणणार? बिस्किटं खात होते."

"हं," म्हणाला आणि निघाला. या माणसाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडाला दूध मागणं. तरुणपणीही असाच. १९७१च्या उन्हाळ्यात गावच्या हॉलमध्ये लागोपाठ तीन शनिवार माझ्याबरोबर नाचला, चौथ्या शनिवारी आलाच नाही. मी त्याच्यापेक्षा बोटभर उंच आहे, त्यामुळे असेल. मीही पुढे विचारलं नाही.

२१ मे, मंगळवार

मिळाला पुरावा! सोरखाने फोटो संगणकावर इतका मोठा केला की पोरांच्या पायाची बोटं मोजता आली असती. घरातलं सामान अंगणात फेकलेलं आहे. खाट, कढई, चरखा, आणि चिखलात आडवी पडलेली भांड्यांची लाकडी मांडणी. वरच्या पट्टीवर कोरलेले दोन पक्षी, त्यातल्या डाव्याची चोच तुटलेली.

ती मांडणी या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे. डाव्या पक्ष्याला चोच नाही. लहानपणी मी त्या जागी पावाचा गोळा लावून चोच करायची आणि आईच्या हातचा मार खायची.

मी सोरखाला घरी आणून मांडणी दाखवली. तिने फोटो काढले, पक्ष्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे मांडणी फोटोतलीच आहे, यात शंका नाही," ती म्हणाली.

"आणि बाई?"

"घर तेच, मांडणी तीच. आणखी काय हवं?" ती म्हणाली. तरी फोटोखालची ओळ पेन्सिलनेच लिहिली. 'कॅथरीन गिल्डिया, नॉकरो, १८८७.' शाईने लिही म्हटलं तर म्हणते, ऑगस्टपर्यंत वेळ आहे.

२२ मे, बुधवार

पॅकीला मोठा केलेला फोटो दाखवला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो खिडकीपाशी नेऊन पाठमोरा किती वेळ उभा राहिला. मी आपली बोलत होते, पणजीची हनुवटी माझ्यासारखीच आहे की नाही बघ, वगैरे.

"पोरं थंडीत अनवाणी आहेत," एवढंच म्हणाला. "आणि त्या धाकटीला कोणीतरी उचलून घ्यायला हवं होतं."

चहा तसाच टाकून गेला. पॅकीने चहा टाकलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पोटात काही बिघडलं असावं. संध्याकाळी सूप पाठवलं.

४ जून, मंगळवार

डब्लिनहून डेक्लनचा फोन. माझा थोरला भाऊ वर्षातून दोनदा फोन करतो, नाताळला आणि कोणी मेल्यावर. आज तिसराच प्रसंग.

"ऐकतोय की तू जुने फोटो भिंतीवर लावायला निघालीस. कशाला उकरून काढतेस?"

"तुझीच पणजी आहे. अभिमान वाटू दे जरा."

"कॉन्सी, घरातला अभिमान घरात असावा."

"आईने तुला काही सांगितलं होतं का? तू थोरला, तुलाच सगळं सांगायची."

"काही नाही. म्हणायची, कॉन्सीला सांग, टॉर्मींना कधी पोस्टाच्या रांगेत उभं करू नकोस, आधी बोलावून घे."

आता याचा इथे काय संबंध? आई टॉर्मींच्या बाबतीत नेहमीच हळवी. अंडी, दूध, जुने कोट, काही ना काही त्यांच्या दारी पाठवत असायची. ते लोक मात्र भांडं परत करताना त्यात काहीतरी घालूनच करायचे. फार मानी माणसं.

१८ जून, मंगळवार

एक गोष्ट खटकते, ती इथे लिहून ठेवते. आजोबा सर्वांत थोरले, आणि १८८७ साली ते पाळण्यात होते. मग ही सात पोरं कोणाची? रात्री अंथरुणात पडून हाच विचार. सकाळी उत्तर सुचलं. घर पाडायला पोलीस आले की सगळं गाव गोळा व्हायचं, आजूबाजूची पोरं पणजीला बिलगली असणार. पाळण्यातलं मूल आत कोणाकडे तरी असेल.

ब्रायडी लॅविनला विचारलं. ती म्हणाली, "पोरं काय, कोणाचीही असू शकतात. तुझ्या केकमध्ये जायफळ घालतेस का?"

गावाला म्हातारपणाने गाठलंय असं दिसतं.

२ जुलै, मंगळवार

नीट लिहायचं ठरवून बसले आहे.

आज त्याच पेटीतली दुसरी काच निघाली. तेच घर, तेच दार. दारात एक माणूस उभा, त्याच्या बाजूला तान्हं मूल घेतलेली बाई. माणूस मी लगेच ओळखला. आमच्या दिवाणखान्यात त्याची तसबीर आहे, माझे पणजोबा मायकल गिल्डिया. दोन्ही बाजूंना एकेक पोलीस.

"बघा!" मी उभी राहून म्हणाले. "परत आले! पोलीस होते तरी डरले नाहीत, आपल्या दारात उभे राहिले!"

कोणीही मान वर केली नाही. सोरखाने पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. तिचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता. "मिस गिल्डिया, डावीकडचा पोलीस बघा."

त्याच्या डोक्याला पट्टी बांधलेली. पट्टीवर कानाच्या वर एक काळा डाग. पहिल्या फोटोतही तोच पोलीस, तीच पट्टी, तोच डाग. अंगणात मांडणी अजून तशीच आडवी पडलेली. चरखाही तिथेच.

"दोन्ही एकाच दिवशी काढलेले आहेत," सोरखा म्हणाली.

पोलीस पणजोबांना धमकावत नव्हते. ते त्यांची राखण करत होते. एक जण तर चक्क हसतोय. आणि पणजीला हनुवटीच नाही, तोंड गोल आहे, बाळाकडे बघतेय.

त्या सगळ्या माणसांनी माझ्यासाठी डोळे खाली घातले होते. आज नाही, सात मेपासून. नाही, मी जन्मले तेव्हापासून. मी कप धुऊन जागेवर ठेवला आणि घरी आले.

३ जुलै, बुधवार

जमिनी घेतल्या कोणी, तर आम्ही.

मांडणीवरून बशी घ्यायला हात गेला नाही. उभ्यानेच चहा प्यायले.

५ जुलै, शुक्रवार

दोन दिवस तोंड लपवून बसले, आज उठले. चर्चचे बूट घातले आणि पॅकीकडे गेले. त्याचं घर इतकं ठेंगणं की मला दारात वाकावं लागतं. तो बटाटे सोलत होता.

"ती तुझी पणजी आहे," मी म्हणाले.

"बस," तो म्हणाला. "खुर्चीचा डावा पाय मोडकाय, सांभाळून."

"पॅकी, ती तुझी पणजी आहे का?"

"हो."

"आणि तू माझ्या तोंडाकडे बघत चहा टाकून गेलास! का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तू किती खूश होतीस."

मी रडले. पॅकीने बटाटे सोलायचं थांबवलं नाही, त्याचे मी आभार मानते. मग तो हळूहळू बोलायला लागला. घर घेतल्यावर गावाने आम्हाला वाळीत टाकलं होतं. लोहार घोड्याला नाल मारायचा नाही, दुकानदार मीठ द्यायचा नाही, चर्चमध्ये पणजोबा ज्या बाकावर बसायचे तो बाक रिकामा व्हायचा. आजोबांचं लग्नही पार दुसऱ्या परगण्यात जमवावं लागलं. मग केव्हातरी लोक पुन्हा बोलायला लागले आणि त्या गोष्टीविषयी बोलायचं बंद झालं.

"ठरवलं कोणी तसं?"

"कोणी नाही. माणसं कंटाळतात. आणि एकाच दलदलीत जळण कापायचं असतं." तो बटाट्याकडे बघत म्हणाला, "माझी आई मात्र विसरली नाही. एकदा मी तिला विचारलं होतं. सरळ नाही म्हणाली. तिच्या शब्दाबाहेर गेलो नाही मी."

"काय विचारलं होतंस?"

"जाऊ दे."

जाऊ दिलं. आमच्या शेतातून वाट द्या वगैरे असणार.

मग मी मुद्द्यावर आले. फोटोखाली तिचं खरं नाव लागलं पाहिजे, मला नाव सांग. तर हा पठ्ठ्या नाहीच म्हणतो!

"तिचं नाव लागलं की लोक विचारतील, घर कोणी घेतलं. मग तुझं नाव येणार. तुला या गावात राहायचंय, कॉन्सी."

"ते माझं मी बघेन."

"'अनोळखी स्त्री' बरं. तिला काही फरक पडत नाही आता."

"मला पडतो!"

"तेवढ्यासाठीच सांगत नाही," म्हणाला आणि बटाट्याचं पातेलं चुलीवर ठेवलं. गाढव परवडेल असा हट्टी आहे हा. पण त्याला माझी अजून ओळख नाही.

१२ जुलै, शुक्रवार

डेक्लनला सगळं सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. वडिलांनी थोरल्या मुलाला सांगायचं अशी म्हणे आमच्यात रीत. जमिनीबरोबर हेही वारशाने जायचं. त्याने जमीन मला देऊन टाकली आणि हे मात्र स्वतःजवळ ठेवलं.

"घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू नकोस. मी सोहळ्याला येणार नाही, माझी पोरंही येणार नाहीत."

"अब्रू? सगळ्या गावाला ठाऊक आहे, ठाऊक नव्हतं ते एकट्या मला! मी चाळीस वर्षं खिडकीमागे बसून त्यांना तिकिटं विकली आणि ते मला बघत होते!"

फोन ठेवल्यावर भीती वाटली. उद्या कोणी बोललं नाही तर? एकाहत्तराव्या वर्षी वाळीत पडले तर जळण कोण आणेल, आजारी पडले तर दार कोण वाजवेल? ही भीती खरी आहे, ती खोडत नाही. तरी नाव लागणार.

१६ जुलै, मंगळवार

सोरखाकडे गेले. तिला म्हटलं, पेन्सिल खोड आणि आता शाई घे. दुसऱ्या फोटोखाली लिहायला लावलं, 'मायकल आणि कॅथरीन गिल्डिया, नॉकरो, १८८७. शेजारच्या फोटोतल्या कुटुंबाला ज्या दिवशी बाहेर काढलं, त्याच दिवशी हे घर आणि ही जमीन त्यांनी घेतली. माहिती: त्यांची पणती कॉन्सेप्टा गिल्डिया.'

"खात्री आहे ना?" सोरखाने विचारलं. "लोकांना तुम्ही आवडता, मिस गिल्डिया."

"छाप," म्हटलं.

२४ जुलै, बुधवार

दलदलीत गेले. इतकी वर्षं केक देऊन घरी बसत होते, आज बाह्या सरसावून पॅकीबरोबर वाळलेल्या विटा गाडीत भरल्या. कंबर माझी राहिलेली नाही. मधल्या सुट्टीत त्याला छापलेला कागद दाखवला. त्याने दोनदा वाचला.

"हे काय करून बसलीस?"

"माझं नाव भिंतीवर लागणार ते लागणारच. आता तू कोणाला वाचवतोयस? माझं नाव आहे आणि तिचं नाही, असं चालेल तुला?"

तो बराच वेळ टेकडीकडे बघत होता, मग हसला. "पोस्टातही अशीच होतीस. सही केल्याशिवाय पार्सल द्यायची नाहीस."

मांडणी घेऊन जा म्हटलं तर म्हणतो, "ठेवू कुठे, डोक्यावर? माझ्या छपराखाली ती मावायची नाही. आणि एवढ्या बश्या पुसणार कोण?" पुन्हा विचारलं तेव्हा मान हलवली. "पुढच्या वर्षी बघू. आज एवढं पुरे."

मग त्याने नाव सांगितलं. होनोरा. होनोरा टॉर्मी. सांगताना टोपी काढली होती. नंतर पोरांची नावं, फोटोत डावीकडून उजवीकडे, एकदाही न अडखळता. बार्टली, सिसिली, मार्टिन, जुळे ह्यू आणि पीटर, विनिफ्रेड, आणि सर्वांत धाकटी अ‍ॅग्नेस. तिला उचलून घ्यायला हवं होतं असं तो म्हणाला होता ती. त्या हिवाळ्यात ते बांधाच्या आडोशाला राहिले. अ‍ॅग्नेस आणि पीटर वसंत ऋतूपर्यंत टिकले नाहीत. त्यांच्या घरी दर नाताळला जेवणाआधी ही नावं म्हणतात. घराबाहेर ती आज पहिल्यांदाच उच्चारली गेली.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून काही खाल्लं नाही. निळा कोट घातला. डेक्लन आला नाही.

वाचनालय खच्चून भरलं होतं. ब्रायडी लॅविन पहिल्या खुर्चीत. पॅकी मागच्या भिंतीला टेकून, लग्नाच्या सुटात. सोरखाने मला पुढे बोलावलं. भाषण लिहून नेलं होतं, ते वाचलंच नाही. फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "ही होनोरा टॉर्मी. हे तिचं घर. ही तिची मुलं." सगळ्यांची नावं घेतली. "आणि शेजारच्या फोटोत माझे पणजोबा. त्यांनी तिचं घर घेतलं. मी त्यात राहते. तुम्हाला हे ठाऊक होतं. आता मलाही आहे."

टाळ्या नाहीत, काही नाही. वाटलं, झालं, आता एकेक जण उठून जाणार.

ब्रायडी उठली. काठी टेकत टेकत दाराकडे नाही, मागच्या भिंतीकडे गेली. पॅकीसमोर उभी राहिली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटतं, पॅकी."

मयताच्या घरी आम्ही हेच म्हणतो. एवढंच, एकही शब्द जास्त नाही. होनोराला जाऊन शंभरावर वर्षं झाली असतील. ब्रायडीच्या मागे तिचा मुलगा उभा राहिला, त्याच्या मागे खाटीक, त्याच्या मागे शाळेच्या बाई. बघता बघता पुस्तकांच्या कपाटांमधून पार दारापर्यंत रांग लागली. प्रत्येक जण पॅकीचा हात धरून तेच वाक्य म्हणत होता. पॅकी मान हलवत होता, बापाच्या मयताला उभा होता तसाच. फोटोकडे जाऊन लोक थांबत होते आणि मुलांची नावं मोठ्याने वाचत होते.

मीही रांगेत उभी राहिले, शेवटी. माझ्याकडे कोणी वाकडं पाहिलं नाही. खाटकाच्या बायकोने माझ्या कोटाची मागची कॉलर सरळ केली.

माझी पाळी आली. पॅकीचा हात हातात घेतला आणि ते वाक्य तोंडून निघेना. जन्मभर शेकडो मयतांना म्हटलेलं वाक्य. तो वाट बघत राहिला, त्याने घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "होनोराबद्दल वाईट वाटतं मला, पॅकी. आणि अ‍ॅग्नेसबद्दल. आणि पीटरबद्दल."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याने माझा हात सोडला नाही. मग खोलीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "चहा कोण करतंय? कॉन्सी सकाळपासून उपाशी आहे."